सोन्याच्या एका अणूवरचे अठरा मायक्रोव्होल्ट

लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या चौथ्या सत्रातील दोन विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी यांनी केलेल्या संशोधन प्रकल्पाचे हे प्रकरण आहे. प्रकल्पाचा मार्गदर्शक मी होतो. सोन्याची तार ओढत ओढत तिचा सांधा एका अणूइतका बारीक करायचा, त्याची एक बाजू किंचित तापवायची आणि तापमानातील फरकामुळे सांध्यावर किती व्होल्टता निर्माण होते ते मोजायचे, असा विषय होता. पहिल्या मोजणीत एक आकडा आला. तो आम्हाला खरा वाटला आणि अकरा दिवस आम्ही त्याच्यावर विसंबून राहिलो. तो का खरा वाटला, तो कुठून आला आणि चुकीचा आहे हे कशावरून कळले, याची नोंद तपशिलाने ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण इतक्या सूक्ष्म वाहकांच्या तापविद्युत मोजणीतील बहुतेक अडचणी या एकाच आकड्यात एकवटल्या होत्या.

आधी रचना सांगतो. एका सराफाच्या कारागिराकडून चोवीस कॅरट सोन्याची ०.१ मिलिमीटर जाडीची तार ओढून घेतली. पोलादी पट्टीच्या उतरत्या भोकांतून तार काढताना ते काका दर दोन भोकांनंतर ती लाल होईपर्यंत तापवत आणि थंड होऊ देत. तसे न केल्यास तार कडक होऊन तुटते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या फॉस्फर ब्राँझच्या पट्टीवर कॅप्टॉनची विद्युतरोधक टेप चिकटवून त्यावर ही तार बसवली, मधोमध ब्लेडने खाच पाडली आणि खाचेच्या दोन्ही अंगांना, एकमेकांपासून जेमतेम ०.१ मिलिमीटर अंतरावर, एपॉक्सीचे थेंब दिले. पट्टीची दोन टोके आधारावर टेकवून मध्यभागी खालून मायक्रोमीटर स्क्रूने दाब दिला की पट्टी वाकते आणि खाच अगदी सावकाश ताणली जाते. २० मिलिमीटर अंतरावरच्या आधारांचा हिशेब केला, तर स्क्रूची हालचाल खाचेपर्यंत पोहोचताना सुमारे १३०० पटींनी कमी होते. सोन्याच्या दोन अणूंमधले अंतर ०.२९ नॅनोमीटर आहे. तेवढे ताणण्यासाठी स्क्रू सुमारे ०.३९ मायक्रोमीटर वर जावा लागतो. एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकणाऱ्या स्क्रूसाठी याचा अर्थ पाव अंशाहून थोडे अधिक वळण असा होतो. हे हाताने जमत नाही, म्हणून गिअर लावलेली एक मंद मोटर जोडली.

तार तुटायच्या आधीचे शेवटचे क्षण पाहण्यासारखे असतात. वाहकता सलग कमी होत नाही, ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, आणि शेवटची पायरी ७७.५ मायक्रोसीमेन्सच्या जवळ येऊन थांबते. रोधाच्या भाषेत हे १२.९ किलोओहम होतात. वाहकतेचा हा पुंज, म्हणजे एका पायरीचे ठरावीक माप, इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि प्लँक स्थिरांक एवढ्यांवरूनच ठरतो, पदार्थाचा त्यात संबंध नाही. १९८८ साली डेल्फ्ट आणि केंब्रिज येथील दोन गटांनी अर्धवाहकातील अरुंद वाटेत या पायऱ्या स्वतंत्रपणे दाखवल्या. सोन्याच्या बाबतीत एक अणू म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी जवळजवळ पूर्ण उघडी असलेली एक वाट, हे पुढे प्रस्थापित झाले. आमच्या ऑसिलोस्कोपवर ती शेवटची पायरी पहिल्यांदा तीन सेकंद टिकून राहिली, तेव्हा खोलीत कोणी बोलले नाही.

त्यानंतर तापवण्याचा भाग आला. तारेच्या डाव्या टोकाजवळ एक लहान रोधक चिकटवला आणि दोन्ही टोकांना तापमान मोजण्यासाठी बारीक थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचे तापमापक) लावले. टोकांमधील फरक ९ केल्विनवर स्थिर ठेवला. वाहकता मोजून झाल्यावर बाहेरून दिलेली व्होल्टता काढून घ्यायची आणि सांधा उघड्या परिपथात असताना ऑप-अँप या चिपच्या अँप्लिफायरने (सूक्ष्म व्होल्टता वाढवून दाखवणाऱ्या परिपथाने) व्होल्टता वाचायची, अशी पद्धत ठरली. तांब्याच्या जोडतारांचा परिणाम वजा व्हावा म्हणून सांधा जाड असतानाचे वाचन, म्हणजे शेकडो अणूंचा छेद असतानाचे वाचन, शून्य धरले होते. ही पद्धत तत्त्वतः योग्यच आहे.

पहिल्या पायरीवर सरासरी १८ मायक्रोव्होल्ट आले. त्याला ९ ने भागले की प्रति केल्विन २ मायक्रोव्होल्ट होतात. साध्या सोन्याचा सीबेक गुणांक, म्हणजे तापमानाच्या प्रति केल्विन फरकामागे निर्माण होणारी व्होल्टता, सामान्य तापमानाला सुमारे १.९ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन आहे. आकडा इतका जवळ आला की आम्ही तो तपासण्याऐवजी त्याचा अर्थ लावायला बसलो. मार्गदर्शक म्हणून ही चूक माझी होती.

या टप्प्यावर सिद्धांत काय सांगतो ते पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा उलगडा त्यातूनच झाला. आपल्या भागातील दोन शेततळी डोळ्यांसमोर आणावीत. दोन्हींतील पाण्याची सरासरी पातळी सारखी आहे, फक्त एकात वाऱ्याने लाटा उठल्या आहेत. दोन्हींना जोडणारा चर पुरेसा खोल आणि सरळ असेल, तर लाटेच्या माथ्यावर जेवढे पाणी पलीकडे जाते तेवढेच तिच्या खळग्यात परत येते, आणि निव्वळ काही वाहत नाही. चराच्या तोंडाशी उंबरठा असेल, तर फक्त माथ्यावरचे पाणी ओलांडते आणि एकाच दिशेने प्रवाह सुरू होतो. तापलेल्या धातूत फर्मी पातळीच्या (थंड धातूत इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात तिच्या) वर इलेक्ट्रॉन जास्त असतात आणि तितक्याच रिकाम्या जागा तिच्या खाली असतात. सांध्यातून पार होण्याची शक्यता ऊर्जेनुसार बदलत नसेल, तर वरचे इलेक्ट्रॉन आणि खालच्या रिकाम्या जागा एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. ती बदलत असेल तरच व्होल्टता उरते. वाहकता म्हणजे पार होण्याची शक्यता, या भौतिकशास्त्रज्ञ लांडावर यांच्या दृष्टिकोनातून लिहिलेले मॉटचे सूत्र हेच मोजमापात सांगते. ३०० केल्विनला पारगमनात, म्हणजे पार होण्याच्या शक्यतेत, प्रति इलेक्ट्रॉन-व्होल्ट दहा टक्के बदल असेल, तर सांध्याचा सीबेक गुणांक सुमारे ०.७ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन येतो.

यातून एक ठोस अपेक्षा निघते. एक वाट पूर्ण उघडी असते तेव्हा पारगमन एकला टेकलेले असते, ऊर्जेनुसार त्यात बदलायला जागाच उरत नाही, आणि म्हणून नेमक्या पायरीवर सांध्याची तापविद्युत व्होल्टता सर्वात लहान असायला हवी. दोन पायऱ्यांच्या मधे ती मोठी होते आणि प्रत्येक सांध्यागणिक वरखाली होते. १९९९ साली लायडनच्या लुडॉफ आणि फान राउटेनबेक यांनी अतिशीत तापमानाला सोन्याच्या सांध्यांवर हेच पाहिले. २०१५ साली माद्रिदमधील गटाने सहकाऱ्यांसह सामान्य तापमानाला केलेल्या मोजणीतही सोन्याच्या वाहकतेच्या शिखरांपाशी तापविद्युत परिमाण किमान असल्याचे आढळले. त्याच मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली. काही अणूंच्या सोन्याच्या सांध्याचा सीबेक गुणांक सरासरीने ऋण असतो, म्हणजे साध्या तारेच्या उलट. प्लॅटिनमच्या बाबतीत तो धन निघाला, आणि तोही साध्या प्लॅटिनमच्या उलट.

इथे वाचकाने एक गुंता नीट पाहावा, कारण आम्ही त्यातच अडकलो. सांध्याचे शून्य आणि मीटरवरचे शून्य एक नव्हेत. आपण जाड सांध्याचे वाचन शून्य धरले आहे, म्हणजे प्रत्यक्षात सोन्याचे १.९ हे शून्य धरले आहे. अणूच्या सांध्याचा गुणांक खरोखर शून्याजवळ असेल, तर मीटरने त्या शून्याच्या खाली, ९ केल्विनला सुमारे १७ मायक्रोव्होल्ट इतकी घट दाखवायला हवी. आम्हाला १८ मिळाले होते. याचा अर्थ परिमाण सिद्धांतालाही जुळत होते आणि साध्या सोन्यालाही. दोन वेगवेगळ्या चुकीच्या वाटा एकाच आकड्याशी येऊन मिळाल्या. चिन्ह पाहिले असते तर लगेच कळले असते, परंतु कोणते टोक अँप्लिफायरच्या कोणत्या बाजूला जोडले आहे हे वहीत लिहिलेलेच नव्हते.

उलगडा एका विद्यार्थिनीने केला. तिने तिन्ही पायऱ्यांची वाचने एका कागदावर शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाली, "सर, हे तर बरोब्बर निम्मं व्हायलंय की. पहिल्यावर अठरा, दुसऱ्यावर नऊ, तिसऱ्यावर सहा." मी कागद पुन्हा पाहिला. सिद्धांतानुसार तिन्ही पायऱ्यांवर सांध्याचा गुणांक लहान असतो, म्हणजे तिन्ही वाचने जवळपास सारखी यायला हवीत. आमची वाचने रोधाच्या प्रमाणात उतरत होती. जी व्होल्टता तंतोतंत रोधाच्या प्रमाणात बदलते ती म्हणजे त्या रोधातून वाहणारा एखादा स्थिर प्रवाह. १८ मायक्रोव्होल्टला १२.९ किलोओहमने भागले तर १.४ नॅनोअँपिअर येतात.

मग तापवणारा रोधक बंद केला. शिपाई मामांना कूलर बंद करायला सांगितले, कारण त्याचा झोत थेट टेबलावर येत होता, आणि अर्धा तास सगळे निवू दिले. दोन्ही थर्मोकपल सारखेच दाखवू लागल्यावर सांधा पुन्हा ताणला. पायऱ्या उतरल्या आणि त्यांच्यासोबत अठरा, नऊ, सहा हेच आकडे जसेच्या तसे आले. तापमानाचा फरक नसतानाही आमचा तापविद्युत परिणाम शाबूत होता.

प्रवाह अँप्लिफायरचाच होता. आम्ही वापरलेल्या ऑप-अँपच्या प्रवेशद्वारी द्विध्रुवी ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांना काम करण्यासाठी एक ते दोन नॅनोअँपिअर इतका अल्प प्रवाह लागतो. नेहमीच्या परिपथांत त्याकडे कोणी पाहत नाही, कारण काही ओहमच्या थर्मोकपलवर तो काही नॅनोव्होल्ट इतकीच व्होल्टता पाडतो. येथे मात्र मोजायची वस्तूच १२.९ किलोओहमची आहे, आणि निसर्गानेच ती तेवढी ठरवलेली आहे. ती कमी करता येत नाही. त्यामुळे कोणत्याही एक-अणू सांध्याच्या मोजणीत प्रवेशप्रवाहाचा हिशेब आधी करावा लागतो. पुढे आम्ही काही पिकोअँपिअर प्रवेशप्रवाहाचा, फेट (विद्युतक्षेत्राने चालणारा ट्रान्झिस्टर) प्रवेशद्वाराचा ऑप-अँप लावला. तीन पिकोअँपिअर धरले तरी पहिल्या पायरीवरची चूक ०.०४ मायक्रोव्होल्टच्या आत राहते. त्याहून मोठा अडथळा सांध्याच्या स्वतःच्या औष्णिक गोंगाटाचा आहे. १२.९ किलोओहमसाठी तो दर हर्ट्झच्या वर्गमुळाला सुमारे १५ नॅनोव्होल्ट असतो, म्हणजे १०० हर्ट्झच्या पट्ट्यात ०.१५ मायक्रोव्होल्ट. सर्वात स्वच्छ नोंदी लोडशेडिंगच्या वेळी मिळाल्या. लॅपटॉप बॅटरीवर, अँप्लिफायर दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर, आणि इमारतीतील ५० हर्ट्झची गुणगुण पूर्ण थांबलेली. शेवटच्या महिन्यात विद्यार्थ्यांनी लोडशेडिंगचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवून त्यानुसारच मोजणीच्या वेळा ठरवल्या.

अँप्लिफायर बदलल्यावर दुसरी गोष्ट उघडी पडली. जाड सांध्याचे वाचन आम्ही शून्य धरत होतो, पण ते वाचन मुळात किती होते हे कोणी विचारले नव्हते. तांब्याचा गुणांक सुमारे १.८ आणि सोन्याचा १.९ असल्याने ९ केल्विनला तेथे जेमतेम १ मायक्रोव्होल्ट दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तेथे ४० होते आणि दुपारभर ते हळूहळू वाढत जात. कारण टेबलावरच होते. गरम बाजूच्या टर्मिनलखाली दाबलेले तांब्याच्या तारेचे टोक काळपट पडले होते. शुद्ध तांबे आणि त्याचे ऑक्साइड यांच्या सांध्याची तापविद्युत व्होल्टता प्रति केल्विन सुमारे १००० मायक्रोव्होल्ट असते. त्या पातळ काळ्या थरावर अंशाच्या चार शतांश इतका फरक पडला तरी ४० मायक्रोव्होल्ट उभे राहतात. एप्रिलमध्ये खोली सकाळी तीस अंशांवर असते आणि दुपारी चाळिशीकडे जाते. हा थर त्या चढउताराबरोबर चालत होता. बारीक पॉलिश पेपरने टोके लख्ख केली, दोन्ही बाजूंना एकाच रिळातली तार घेतली आणि बाहेरचे सगळे जोड तांब्याच्या एका जाड ठोकळ्यावर, कापसात गुंडाळून, एकत्र ठेवले. जाड सांध्याचे वाचन १ मायक्रोव्होल्टच्या आसपास आले आणि तेथेच राहिले. वजाबाकी बरोबर असली तरी वजा होणारा आकडा मोठा आणि अस्थिर असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही.

आता खरा परिणाम दिसेल अशी अपेक्षा होती. सांधा ताणला, पायऱ्या उतरल्या, आणि मीटर जवळजवळ हललाच नाही. जाड सांधा आणि एक अणू यांच्यात अर्ध्या मायक्रोव्होल्टचाही निश्चित फरक सापडेना. विद्यार्थी निराश झाले. माझ्या मते मात्र प्रकल्पातील सर्वात शिकण्यासारखा प्रश्न हाच होता की ते ९ केल्विन नेमके कुठे पडत आहेत.

एका उघड्या वाटेतून इलेक्ट्रॉन जी उष्णता वाहून नेतात तिचाही पुंज आहे. विद्युतवाहकता आणि उष्णतावाहकता यांना जोडणाऱ्या वीडेमान-फ्रांट्झ नियमाने ३०० केल्विनला तो प्रति केल्विन ०.५७ नॅनोवॅट येतो, आणि २०१७ साली एक-अणू सोन्याच्या सांध्यांवर तो प्रत्यक्ष मोजला गेला आहे. म्हणजे सांधा स्वतः उष्णता जवळजवळ जाऊच देत नाही. तापमानाचा फरक सांध्याने बुजवला नव्हता. तो त्याच्याखालच्या ब्राँझच्या पट्टीने बुजवला होता. एपॉक्सीचे दोन थेंब ०.१ मिलिमीटर अंतरावर एकाच धातूच्या पट्टीवर बसलेले होते आणि तेथे दोघांचे तापमान जवळपास सारखेच होते. थर्मोकपल मात्र दूर, तारेच्या टोकांना होते. ९ केल्विनपैकी बहुतेक भाग सोन्याच्या सरळ तारेवर पडत होता, आणि त्या तारेचे योगदान जाड सांध्याच्या वाचनाइतकेच असल्याने वजाबाकीत निघून जात होते. आमची वजाबाकी योग्य होती आणि तिने योग्य उत्तर दिले होते. सांध्यावर फरक नव्हता म्हणून परिणामही नव्हता.

मग ब्राँझ सोडून ०.८ मिलिमीटर जाडीचा ग्लास-एपॉक्सी सर्किट बोर्ड घेतला, त्यावरचे तांबे काढून टाकले आणि सांध्याखाली एक मिलिमीटर रुंदीची खाच आरपार कापली. उष्णतेला आता खाचेच्या बाजूंनी, तेही कमी वाहकतेच्या पदार्थातून, वळसा घालावा लागतो. याची किंमत मोजावी लागली. थेंबांमधले अंतर दहापट झाल्याने ताणाची अचूकता घटली. आधार ४० मिलिमीटरवर नेले तरी हालचाल केवळ ३३० पटींनीच कमी होऊ लागली. सांधे लवकर तुटत, बोर्ड हळूहळू सैल पडत राही आणि टिकणारी पायरी दहा प्रयत्नांत एखादी मिळे. मला हा व्यवहार योग्य वाटतो. कमी पण अर्थपूर्ण नोंदी हव्या होत्या.

शेवटच्या दोन आठवड्यांत, चिन्हांचा संकेत वहीच्या पहिल्या पानावर लिहून, तापवणारा रोधक आधी डाव्या आणि मग उजव्या बाजूला ठेवून मोजण्या झाल्या. बाजू बदलताच चिन्ह उलटले. अँप्लिफायरची कोणतीही स्थिर चूक तसे वागत नाही. जाड सांध्याच्या तुलनेत वाचन खाली गेले, म्हणजे बदल ऋण होता, ३ ते ५ मायक्रोव्होल्ट इतका, आणि पहिल्या तीन पायऱ्यांवर विखुरण्याच्या मर्यादेत सारखा. पायऱ्यांच्या मधल्या नोंदी बऱ्याच अधिक पसरलेल्या होत्या. हे चित्र सिद्धांताशी जुळते. सीबेक गुणांकाचे मूल्य मात्र आम्ही दिले नाही, कारण सांध्यावर नेमके किती केल्विन पडतात हे आमच्या थर्मोकपलना दिसत नाही, आणि टोकांच्या ९ केल्विनने भागून आलेला आकडा पुन्हा एकदा दिसायला सुंदर आणि अर्थाने रिकामा ठरला असता. प्रबंधात चिन्ह, पायऱ्यांवरील समानता आणि तापवणारा रोधक बंद असतानाची वाचने एवढेच निष्कर्ष म्हणून लिहिले. बाह्य परीक्षकांनी मूल्य का नाही असे विचारले, तेव्हा विद्यार्थिनीने फळ्यावर पट्टीचा छेद काढून उष्णतेची वाट दाखवली.

तापमानातील फरक माहीत नसतानाही करता येईल अशी एक तपासणी शिल्लक आहे. सोने आणि प्लॅटिनम या दोघांत साध्या तारेचे आणि अणूच्या सांध्याचे चिन्ह परस्परांच्या उलट असते. त्यामुळे जाड सांध्यापासून एका अणूकडे जाताना सोन्यात बदल ऋण येतो, तर प्लॅटिनममध्ये तो सरासरीने धन यायला हवा, मग सांध्यावर एक केल्विन पडो वा पाच. प्लॅटिनमच्या पायऱ्या सोन्याइतक्या रेखीव नसतात आणि तेथे वाचने फार विखुरतात, म्हणून शेकडो सांधे मोजावे लागतील. रसायनशास्त्र विभागात ज्योत-परीक्षेसाठी काचेच्या दांड्यात बसवलेली प्लॅटिनमची जुनी तार होती. ती मागून आणली आहे. तिच्या टोकाला सोडियमचा पिवळा रंग अजून येतो, म्हणून सध्या ती हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा ज्योतीत धरण्याचे काम चालू आहे.